दुकानात नुसता नंबर दिला आणि इन्स्टावर जाहिरात हजर: ॲप माग कसा काढतात, कुठे अडवायचं?

टेरीटॉवेल_सोलापूर

नमस्कार मंडळी. चादरी-टॉवेलांचं दुकान आहे. निम्म्या ऑर्डरी व्हॉट्सॲप बिझनेस आणि इन्स्टाग्रामवर येतात, त्यामुळे "ॲपच काढून टाका" हा सल्ला उपयोगाचा नाही. फोन शाओमीचा, अँड्रॉइड 14. घरात एक आयफोनही आहे.

नवी पेठेत एका दुकानात बिल करताना मोबाइल नंबर दिला. त्या दुकानाचं नाव कुठे शोधलं नाही, पेज बघितलं नाही, तरी त्याचीच जाहिरात इन्स्टावर यायला लागली. हे कसं?

दुसरं, घरी आम्ही तेलुगू बोलतो. फोनची भाषा मराठी, टायपिंग मराठीत नाहीतर इंग्रजीत. तरी तेलुगू जाहिराती येतात. माइक ऐकतो का?

तिसरं, लोकेशन बंद ठेवलं तरी सोलापूर कसं कळतं? आणि क्रोमच्या इन्कॉग्निटोत बघितलेल्या वस्तू फेसबुकवर कशा दिसतात? व्हीपीएनने फरक पडेल का?

कुठली सेटिंग आधी बदलायची आणि ती बदलल्यावर काय बिघडतं, हे दोन्ही सांगा. मोघम "सावध राहा" नको.

---

जुना_पार्कचौक

नंबराचं आधी सांगतो, बाकीचं बरंचसं त्यातच येतं.

तुमचा नंबर त्या दुकानाच्या बिलिंग सॉफ्टवेअरमध्ये साठला. ती यादी दुकानदार किंवा त्याच्या जाहिराती बघणारा माणूस मेटाच्या, म्हणजे फेसबुक-इन्स्टा-व्हॉट्सॲपच्या मालक कंपनीच्या, ॲड्स मॅनेजरमध्ये चढवतो. याला 'कस्टम ऑडियन्स' म्हणतात. चढताना प्रत्येक नंबराचा एसएचए-256 हॅश होतो, म्हणजे नंबराच्या जागी 64 अक्षरांची एक ओळ तयार होते. तुमच्या इन्स्टा खात्यावरच्या नंबराचा हॅश मेटा स्वतः काढू शकते. दोन ओळी जुळल्या की तुम्ही त्या दुकानाच्या यादीत आलात. दुकानदाराला तुमचं खातं कळत नाही, पण जाहिरात बरोबर तुमच्या हातात पडते.

"हॅश केलेलं आहे, काळजी नको" हे वाक्य एजन्सीवाल्यांच्या तोंडी कायम असतं. त्यात फारसा दम नाही. आपले मोबाइल नंबर दहा अंकी आणि 6, 7, 8 किंवा 9 ने सुरू होणारे. म्हणजे सगळ्या शक्यता मिळून 400 कोटी. बऱ्यापैकी ग्राफिक्स कार्ड असलेल्या एका संगणकाला एवढे हॅश काढणं म्हणजे किरकोळ काम. हॅशची यादी ज्याच्या हाती पडेल त्याला मूळ नंबर परत काढता येतात.

तुम्ही विणकामाच्या धंद्यातले, म्हणून तुमच्या भाषेत सांगतो: नंबर हा ताणा आहे. दुकानातली खरेदी, साइटवर चाळलेल्या वस्तू, दुसऱ्याच्या फोनबुकातलं तुमचं नाव, हे सगळे बाणे त्याच ताण्यात विणले जातात. लोक माइक बंद करतात, लोकेशन बंद करतात आणि नंबर मात्र सगळीकडे एकच देत राहतात. मग फरक पडत नाही म्हणून वैतागतात.

खात्री करायची असेल तर त्या जाहिरातीवरच्या तीन टिंबांना दाबा आणि 'ही जाहिरात का दिसते' उघडा. जाहिरातदाराने यादी वापरली असेल तर तसं लिहिलेलं असतं. सगळ्या याद्या एकत्र बघायच्या तर इन्स्टाच्या सेटिंग्जमधल्या अकाउंट्स सेंटरमध्ये ॲड प्रेफरन्सेसखाली 'ऑडियन्स-बेस्ड ॲडव्हर्टायझिंग' आहे. कधी नाव न ऐकलेल्या कंपन्याही तिथे भेटतात.

आता उपाय.

बिलासाठी नंबर देऊ नका. मे 2023 मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने स्पष्ट केलं आहे की ग्राहकाने नंबर दिला नाही म्हणून दुकानदाराला माल किंवा सेवा नाकारता येणार नाही. "सिस्टिम नंबराशिवाय बिल काढत नाही" म्हणाले तर बिलात दुकानाचाच नंबर टाका म्हणावं. बहुतेक ठिकाणी चालतं.

इन्स्टा-फेसबुकच्या खात्यावरून खासगी नंबर काढा. अकाउंट्स सेंटर, पर्सनल डिटेल्स, कॉन्टॅक्ट इन्फो. त्याआधी एक करा, नाहीतर खात्याबाहेर अडकाल: दुसरीकडे कुठेही न दिलेला एक वेगळा ईमेल जोडून त्याची पडताळणी करा, टू-फॅक्टरसाठी, म्हणजे पासवर्डनंतरच्या दुसऱ्या कोडसाठी, एसएमएस बंद करून फोनमध्येच कोड बनवणारं ऑथेंटिकेटर ॲप लावा, बॅकअप कोड वहीत लिहून ठेवा. मगच नंबर काढा. आणि "नंबर फक्त सुरक्षेसाठी मागतो" यावरही आंधळा विश्वास नको. सुरक्षेसाठी घेतलेले नंबर आणि ईमेल जाहिरातींना वापरल्याबद्दल ट्विटरला 2022 मध्ये अमेरिकेत 15 कोटी डॉलर भरावे लागले होते.

तुमच्या बाबतीत अडचण अशी की इन्स्टा पेजवर व्हॉट्सॲपचं बटण हवंच असणार, आणि ते नंबराशिवाय होत नाही. तिथे दुकानासाठी वेगळं सिम घ्या, आणि बोर्ड, बिलबुक, पेज, व्हॉट्सॲप बिझनेस सगळीकडे तोच नंबर द्या. बँक, आधार आणि घरचं व्हॉट्सॲप दुसऱ्या नंबरवर. दुकानाचं सिम रिचार्ज न करता पडू देऊ नका. बंद झालेला नंबर 90 दिवसांनंतर दुसऱ्याला मिळू शकतो आणि त्यावरचे ओटीपी त्याच्याकडे जातात.

---

शेंगाचटणी

तेलुगूचा प्रश्न सोलापुरात निम्म्या घरांना पडत असेल बघा.

माइकने ऐकून जाहिरात दाखवल्याचा पक्का पुरावा कुणी समोर आणलेला नाही. 2018 मध्ये अमेरिकेतल्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठातल्या संशोधकांनी 17 हजारांहून जास्त अँड्रॉइड ॲप तपासली. चोरून माइक चालू करून आवाज पाठवणारं एकही सापडलं नाही. काही ॲप स्क्रीनचे फोटो आणि व्हिडिओ मात्र बाहेर पाठवत होती, पण ती बातमी कुणाच्या लक्षात राहिली नाही. माइकची गोष्ट चघळायला बरी वाटते ना.

हिशोब करा की. अगदी हलक्या दर्जाचा आवाज, 16 किलोबिट प्रतिसेकंद, दिवसभर पाठवला तर 170 एमबीच्या वर जातो. डेटा वापराच्या यादीत लगेच उघडं पडेल. फोनमध्येच शब्द ओळखून फक्त मजकूर पाठवला तर डेटा कमी लागेल, पण माइक तरी चालू ठेवावाच लागणार. अँड्रॉइड 12 पासून माइक चालू झाला की वर उजव्या कोपऱ्यात हिरवी खूण येते, आणि प्रायव्हसी डॅशबोर्डमध्ये गेल्या 24 तासांत कुठल्या ॲपने कधी माइक घेतला ते वेळेसकट दिसतं. बघून घ्या. व्हॉइस मेसेजच्या वेळा सोडून काही दिसलं तर त्या ॲपची परवानगी काढा.

मग तेलुगू कसं कळतं? तुम्ही न बोलताच सांगितलंय. तेलुगू गाण्याच्या रीलवर बोट किती सेकंद थांबलं ते मोजलं जातं. लाइक करायची गरज नाही, थांबलात तेवढं पुरे. तुमच्या ओळखीतली माणसं काय बघतात तेही हिशोबात धरलं जातं. पाहुणे हैदराबादला, वरंगलला असतील आणि तुमचा नंबर त्यांच्या फोनबुकात असेल, तर त्यांनी कॉन्टॅक्ट चढवले की तुमची सोयरीक तिकडे पोचली. शिवाय जाहिरातदाराने नुसतं "सोलापूर आणि आसपास" निवडून एकच जाहिरात मराठी, तेलुगू, कन्नड अशा तिन्ही भाषांत सोडली असेल, तर त्यात तुमचा माग काढायचीही गरज नाही. तेलुगू आली ती तुमच्या लक्षात राहिली, कन्नड आली ती सरकवून टाकली.

इन्स्टाला माइकची परवानगी 'दर वेळी विचारा' ठेवा. रील करताना एक टॅप जास्त लागेल, बाकी काही बिघडत नाही.

---

विजापूर_रोड

एवढं डोकं कशाला लावायचं. चांगला फ्री व्हीपीएन टाका, सगळं झाकलं जातं.

---

कंबर_तलाव

झाकलं जात नाही. व्हीपीएनने फक्त आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवर दिसणारा तुमच्या जोडणीचा क्रमांक, बदलतो आणि तुमच्या नेट कंपनीला तुम्ही कुठल्या साइटवर गेलात ते कळत नाही. इन्स्टात तुम्ही स्वतःच्या नावाने लॉगिन आहात. आयपी नेदरलँडचा दिसला तरी माणूस तुम्हीच. आणि फुकट व्हीपीएनचं म्हणाल तर फेसबुकनेच 2013 मध्ये ओनावो नावाची कंपनी घेतली होती. तिचं व्हीपीएन ॲप लोक "संरक्षण" म्हणून टाकायचे आणि कोण कुठलं ॲप किती वापरतो ही माहिती फेसबुककडे जायची. 2018 मध्ये ते ॲपलच्या स्टोअरमधून गेलं, 2019 मध्ये बंद झालं. फुकट व्हीपीएन म्हणजे ज्याच्यापासून लपायचं त्याच्या जागी दुसरा बसवणं.

इन्कॉग्निटोबद्दल. तो मोड फक्त तुमच्या फोनवरची हिस्टरी आणि कुकी, म्हणजे साइटने ब्राउझरमध्ये ठेवलेल्या ओळखखुणा, पुसतो. साइटवर मेटाचा पिक्सेल, म्हणजे पानात बसवलेला खबर देणारा छोटा कोड, असेल तर भेट कळवली जातेच. मग ती तुमच्या खात्याला कशी जोडतात? सोपा रस्ता म्हणजे साइटवर तुम्ही ऑर्डरसाठी नंबर किंवा ईमेल टाकता, तो हॅश होऊन जातो, पुढचं वर जुना_पार्कचौक यांनी सांगितलंय. अवघड रस्ता जून 2025 मध्ये संशोधकांनी उघड केला. अँड्रॉइडवर फेसबुक आणि इन्स्टा ॲप मागे चालू असताना फोनच्या आतल्याच ठरावीक पोर्टवर, म्हणजे प्रोग्रॅमनी एकमेकांशी बोलायच्या दारावर, कान लावून बसत होती. ब्राउझरमधल्या पानावरचा पिक्सेल आपल्या कुकीची ओळख त्या पोर्टवर टाकायचा, ॲप ती उचलायचं आणि लॉगिन असलेल्या खात्याला जोडायचं. इन्कॉग्निटो असो, कुकी पुसलेल्या असोत, लोकेशन बंद असो, काही फरक नाही. सप्टेंबर 2024 पासून हे चालू होतं, उघड झाल्यावर मेटाने 3 जून 2025 ला थांबवलं. रशियाची यांडेक्स हेच 2017 पासून करत होती. ब्रेव्ह ब्राउझरमध्ये हा आतला रस्ता आधीपासून अडवलेला होता.

म्हणून ब्राउझर बदलणं हे व्हीपीएनपेक्षा कितीतरी जास्त कामाचं. अँड्रॉइडवर फायरफॉक्स टाका आणि त्यात यूब्लॉक ओरिजिन हे ट्रॅकर अडवणारं एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडायचा जादा तुकडा. क्रोमच्या मोबाइल आवृत्तीत एक्स्टेन्शन चालत नाहीत, म्हणून फायरफॉक्स. एक्स्टेन्शन नको असेल तर ब्रेव्ह. कधी एखाद्या साइटचं पेमेंटचं पान अडकतं. तेवढ्या साइटपुरतं ब्लॉकर बंद करायचं, सगळीकडचं नाही.

आणखी एक गळती फार जण विसरतात. इन्स्टा किंवा फेसबुकमध्ये लिंकवर टॅप केलं की पान त्यांच्याच पोटातल्या ब्राउझरमध्ये उघडतं, तुमच्या फायरफॉक्समध्ये नाही. त्या पानात ॲपला स्वतःचा कोड घुसवता येतो, आणि इन्स्टा तसा घुसवतो हे 2022 मध्ये एका संशोधकाने दाखवून दिलं होतं. फेसबुकच्या सेटिंग्जमध्ये मीडिया विभागात लिंक बाहेर उघडायचा पर्याय आहे, तो चालू करा. इन्स्टात दर वेळी तीन टिंबांतून 'बाहेरच्या ब्राउझरमध्ये उघडा' करावं लागतं. कंटाळवाणं आहे. निदान पैसे भरायच्या आधी तरी करा.

लिंकच्या शेपटाकडेही बघा. फेसबुकवरून आलेल्या लिंकमागे प्रश्नचिन्हानंतर 'एफबीसीएलआयडी' आणि लांबलचक अक्षरं असतात. त्या एकाच क्लिकला दिलेला तो क्रमांक असतो. इन्स्टाची रील शेअर करतानाही असंच शेपूट लागतं आणि त्यावरून कुणाकडून कुणाकडे गेली ते कळू शकतं. फॉरवर्ड करायच्या आधी या दोन प्रकारच्या लिंकमध्ये प्रश्नचिन्हापासून पुढचं उडवा, लिंक बहुतेक वेळा तशीच चालते. यूट्यूबवर मात्र बघून. तिथे कधी व्हिडिओचा क्रमांकच प्रश्नचिन्हानंतर असतो, तो उडवला तर लिंक मेली.

---

टेरीटॉवेल_सोलापूर

मंडळी, एवढ्या खोलात कुणी सांगितलं नव्हतं. अकाउंट्स सेंटरमध्ये 'युअर ॲक्टिव्हिटी ऑफ मेटा टेक्नॉलॉजीज' सापडलं. शंभरावर नावं आहेत, त्यात औषधांच्या साइटपण. 'डिसकनेक्ट फ्यूचर ॲक्टिव्हिटी' दाबलं तर फेसबुकने लॉगिन केलेल्या ॲपमध्ये अडचण येईल असा इशारा येतो. पुढे जाऊ का?

---

कंबर_तलाव

लगेच नको. आधी फेसबुकच्या सेटिंग्जमध्ये 'ॲप्स अँड वेबसाइट्स' उघडा आणि 'फेसबुकने लॉगिन' कुठे कुठे वापरलंय त्याची यादी काढा. दुकानाचं डिझाइनचं ॲप, कुरिअरचं पोर्टल, पोरांचा एखादा गेम, असं काहीबाही निघतं. प्रत्येकात जाऊन ईमेल आणि पासवर्ड असं स्वतंत्र लॉगिन करून घ्या. गेमची प्रगती कधी फेसबुकच्या खात्यालाच बांधलेली असते, ती आधी हलवा नाहीतर घरात भांडण. हे झालं की 'क्लियर प्रीव्हियस ॲक्टिव्हिटी' आणि मग 'डिसकनेक्ट फ्यूचर ॲक्टिव्हिटी'.

याने जाहिरातींची संख्या कमी होत नाही, हे आधीच सांगून ठेवतो. साइटकडून माहिती मेटाकडे जायचीही थांबत नाही. ती फक्त तुमच्या खात्याला जोडली जात नाही. तेवढ्यासाठी म्हणून करायचं. शेजारीच ॲड प्रेफरन्सेसमध्ये 'ॲक्टिव्हिटी इन्फर्मेशन फ्रॉम ॲड पार्टनर्स' आहे, तिथेही नकार द्या.

आता शाओमीवर मी कुठल्या क्रमाने जाईन ते. नावं आवृत्तीप्रमाणे इकडेतिकडे सरकतात, म्हणून सेटिंग्जच्या वरच्या शोधपट्टीत शब्द टाकूनच शोधा.

आधी जाहिरात ओळख, म्हणजे ॲडव्हर्टायझिंग आयडी. सेटिंग्ज, गूगल, ॲड्स, 'डिलीट ॲडव्हर्टायझिंग आयडी'. 'रिसेट' नाही, 'डिलीट'. रिसेटने नवी ओळख मिळते, डिलीटने ॲपला नुसती शून्यं दिसतात. इन्स्टात तुम्ही लॉगिन असल्यामुळे त्यावर याचा परिणाम कमी. खरा फायदा टॉर्च, कॅलेंडर, कर्ज देणारी ॲप, गेम यांच्याबाबत. त्यांच्या पोटात फेसबुकचे आणि इतरांचे एसडीके, म्हणजे तयार कोडचे तुकडे बसवलेले असतात. 2018 मध्ये प्रायव्हसी इंटरनॅशनल या संस्थेने 34 अँड्रॉइड ॲप तपासली तेव्हा त्यांतली 61 टक्के ॲप उघडल्या क्षणीच फेसबुकला माहिती पाठवत होती. फेसबुकचं खातं नसलेल्याचीसुद्धा.

मग फोनबरोबर आलेले मेटाचे छुपे तुकडे. ॲप्सच्या यादीत 'सिस्टिम ॲप दाखवा' करून मेटा ॲप इन्स्टॉलर, मेटा ॲप मॅनेजर, मेटा सर्व्हिसेस शोधा. फेसबुक ॲप काढलं तरी हे राहतात. अनइन्स्टॉल होत नसतील तर 'डिसेबल' करा. व्हॉट्सॲप आणि इन्स्टा त्यांच्याशिवाय चालतात, अपडेट प्ले स्टोअरवरून येतात.

शाओमीची स्वतःची जाहिरात सेवा वेगळी. 'एमएसए' शोधा, 'ऑथोरायझेशन अँड रिव्होकेशन'मध्ये तिची परवानगी बंद करा. बंद करताना दहा सेकंद थांबवतात आणि कधी "जमलं नाही" म्हणून परत चालू करतात. नेट चालू ठेवून पुन्हा पुन्हा दाबा, शेवटी होतं. मुद्दाम त्रासदायक केलंय असं माझं स्पष्ट मत आहे.

परवानग्यांमध्ये सर्वात महत्त्वाची कॉन्टॅक्ट्सची, कारण ती फक्त तुमची माहिती नसते. इन्स्टा आणि फेसबुकला ती काढून टाका, काहीही बिघडत नाही. अकाउंट्स सेंटरमध्ये 'अपलोड कॉन्टॅक्ट्स' बंद करा आणि आधी चढलेले नंबर तिथल्या व्यवस्थापनाच्या पानावरून पुसा. याच कॉन्टॅक्ट शोधायच्या सोयीचा गैरवापर करून 2019 पर्यंत 53 कोटींहून जास्त फेसबुक खात्यांचे नंबर खरवडले गेले आणि 2021 मध्ये ते फुकट वाटले गेले. युरोपच्या नियमांखाली आयर्लंडच्या नियामकाने त्यासाठी 2022 मध्ये 26.5 कोटी युरो दंड केला. व्हॉट्सॲपला कॉन्टॅक्ट नाकारले तर नावांऐवजी नंबर दिसतात, दुकानाला ते परवडणार नाही. तिथे चालू ठेवा.

लोकेशन. अँड्रॉइड 12 पासून 'प्रिसाइज' आणि 'अप्रॉक्झिमेट' असे दोन पर्याय आहेत. दुसऱ्यात ॲपला साधारण 3 चौरस किलोमीटरचा भाग कळतो. म्हणजे नवी पेठ, सिद्धेश्वर मंदिर, पार्क चौक सगळं एकाच घोळक्यात. दुकानाचा पत्ता बायोमध्ये लिहिलेलाच आहे, मग इन्स्टाला लोकेशन पूर्ण नाकारा. तरी "सोलापूर" कळणारच. आयपी पत्त्यावरून, तुम्ही टाकलेल्या लोकेशन टॅगवरून, ज्यांना फॉलो करता त्यांच्यावरून. मोबाइल डेटावर आयपी पुष्कळदा पुणे-मुंबईचा दिसतो, घरच्या ब्रॉडबँडवर जास्त अचूक. लोकेशनच्या सेटिंगमध्येच 'वायफाय स्कॅनिंग' आणि 'ब्लूटूथ स्कॅनिंग' अशी दोन बटणं आहेत. वायफाय बंद असतानाही फोन आजूबाजूचे राउटर मोजत असतो ते यांच्यामुळे. दोन्ही बंद करा. रिक्षा-टॅक्सीच्या ॲपला इमारतीच्या आत तुमची जागा पकडायला थोडा वेळ लागेल, एवढंच.

फोटोंसाठी अँड्रॉइड 14 मध्ये 'निवडक फोटो' आहे. इन्स्टाला तेच द्या. नवा माल टाकताना दर वेळी फोटो निवडून द्यावे लागतात, घाईत चिडचिड होते, पण गॅलरीतले आधार कार्डाचे फोटो तरी ॲपच्या हाताबाहेर राहतात.

इतर ॲपमधले ट्रॅकर अडवायचे तर डकडकगो ब्राउझरमध्ये 'ॲप ट्रॅकिंग प्रोटेक्शन' आहे. ते फोनमध्येच व्हीपीएनची जागा घेऊन काम करतं, म्हणून त्याच वेळी दुसरं व्हीपीएन चालत नाही. कुठल्या ॲपने कुणाला हाक मारली ती यादीही दाखवतं. पण फेसबुक फेसबुकशी बोलत असेल तर ते अडवत नाही, अडवलं तर ॲपच बंद पडेल. बँकेची काही ॲप व्हीपीएन दिसलं की कुरकुर करतात. त्यांना अपवादाच्या यादीत टाकलं तरी भागत नसेल, तर तेवढ्यापुरतं बंद करा.

---

शेंगाचटणी

आयफोनचं दोन ओळींत. सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, ट्रॅकिंग, तिथे 'अलाऊ ॲप्स टू रिक्वेस्ट टू ट्रॅक' बंद. आयओएस 14.5 पासून, म्हणजे एप्रिल 2021 पासून, ॲपला जाहिरात ओळख विचारल्याशिवाय मिळत नाही. हे बंद केलं की विचारणंच थांबतं. एक पायरी मागे, प्रायव्हसी अँड सिक्युरिटीच्या पानावर, 'ॲप प्रायव्हसी रिपोर्ट' चालू केला तर कुठलं ॲप कुठल्या पत्त्यांशी बोललं ते सात दिवसांचं दिसतं. नंबराची जुळवाजुळव आयफोनवरही तश्शीच होते, सफरचंद असलं म्हणून काही सुटका नाही.

आणि व्हॉट्सॲपचं कुणी बोललंच नाही की ओ.

---

जुना_पार्कचौक

बोलूया. मेसेजचा मजकूर 2016 पासून दोन्ही टोकांना कुलूपबंद आहे, तो मेटाला वाचता येत नाही. पण कुणाशी, किती वाजता, किती वेळा, कुठल्या ग्रुपात, कुठल्या फोनवरून ही माहिती कुलपाबाहेर असते. मजकुरालाही तीन फटी आहेत.

पहिली म्हणजे बॅकअप. गूगल ड्राइव्हवर जाणारा बॅकअप आपोआप कुलूपबंद होत नाही. सेटिंग्ज, चॅट्स, चॅट बॅकअप, 'एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड बॅकअप' चालू करा. पासवर्ड ठेवा किंवा 64 अंकी किल्ली घ्या. ती हरवली तर बॅकअप कायमचा गेला, कंपनीसुद्धा उघडून देऊ शकत नाही. दुकानाचे ऑर्डरीचे चॅट असतील तर किल्ली कागदावर लिहून तिजोरीत.

दुसरी, मोठ्या कंपन्यांशी होणारे चॅट. चॅटच्या सुरुवातीला "हा व्यवसाय मेटाची सेवा वापरतो" अशा अर्थाची पट्टी दिसली, तर तिकडे मेसेज उघडणारी यंत्रणा मेटाच्याच सर्व्हरवर आहे. त्या चॅटमध्ये तुम्ही काय विचारलं ते ती कंपनी आपल्या जाहिरातींसाठी वापरू शकते. तिथे औषधाच्या चिठ्ठीचा फोटो टाकायचा की नाही ते बघा.

तिसरी, मेटा एआय. त्याच्याशी केलेलं बोलणं कुलपात नसतं, आणि 16 डिसेंबर 2025 पासून मेटा ते बोलणं फेसबुक-इन्स्टावरच्या जाहिराती ठरवायला धरते. व्हॉट्सॲपमधलं बोलणं त्यात यायचं तर व्हॉट्सॲप अकाउंट्स सेंटरला जोडलेलं असावं लागतं. म्हणून घरच्या नंबरचं व्हॉट्सॲप अकाउंट्स सेंटरला जोडूच नका. "स्टेटस फेसबुकवर शेअर करा" असं गोड आमंत्रण येतं, ते याच जोडणीचं दार आहे.

बाकी सेटिंग पटापट: प्रायव्हसीमध्ये प्रोफाइल फोटो आणि ग्रुप 'माय कॉन्टॅक्ट्स'वर. ॲडव्हान्स्डमध्ये 'प्रोटेक्ट आयपी ॲड्रेस इन कॉल्स' चालू, कॉलचा दर्जा किंचित उतरू शकतो. 'डिसेबल लिंक प्रीव्ह्यूज' चालू. सहा आकडी टू-स्टेप पिन लावा. 'लिंक्ड डिव्हायसेस'मध्ये दुकानातला जुना संगणक अजून लटकत असेल तर उडवा. फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला तर त्यात लपलेलं ठिकाण तसंच जातं. साधा फोटो म्हणून पाठवला की ते गळून पडतं.

---

होटगी_रोड

सगळ्यांनी मूळ धागाकर्त्याला ग्राहक म्हणून सल्ला दिला. पण तो स्वतः दुकानदार आहे. टेरीटॉवेल, तुमच्या बिलबुकातही लोकांचे नंबर आहेत आणि तुमचा जाहिरातवालाही ते चढवत असणार. त्या नवी पेठेतल्या दुकानाने केलं तेच.

डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा 2023 चा आहे. नियम नोव्हेंबर 2025 मध्ये अधिसूचित झाले आणि मुख्य जबाबदाऱ्या 18 महिन्यांनी, म्हणजे मे 2027 मध्ये लागू होतात. माहिती कशासाठी घेता ते सांगून संमती घ्यायची, आणि संमती मागे घेणं देण्याइतकंच सोपं असायला हवं. बिलासाठी घेतलेला नंबर जाहिरातीला वापरायचा तर त्याची वेगळी संमती हवी. ही सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषांत वाचायचा पर्याय ग्राहकाला द्यायचा आहे. आपल्याकडच्या मराठी, तेलुगू, कन्नड तिन्ही त्यात येतात. 18 वर्षांखालच्यांचा माग काढणं आणि त्यांना नेम धरून जाहिराती दाखवणं यावर बंदी आहे. सुरक्षेत हयगय करून माहिती फुटली तर दंडाची कमाल मर्यादा 250 कोटी. लहान दुकानाला कुणी एवढा लावणार नाही, पण यादी जाहिरातवाल्याच्या लॅपटॉपवर एक्सेल फाइलमध्ये लोळत असेल तर ती आजच परत घ्या आणि त्याच्याकडची पुसायला लावा.

बिल काउंटरवर साधा कागद ठेवा: नंबर ऐच्छिक, नव्या मालाचे मेसेज हवे असतील तर इथे खूण करा. खूण केलेलेच नंबर यादीत घ्या. ज्यांना माल बघायचाय त्यांचीच यादी राहिल्यावर जाहिरातीचे पैसेही कमी वाया जातात.

---

टेरीटॉवेल_सोलापूर

मुद्दा मान्य. दुकानाची साइट एका पोराने करून दिलीय, तो आता पुण्यात. साइटवर पिक्सेल आहे का हे मला स्वतःला कसं बघता येईल?

---

कंबर_तलाव

संगणकावर, कुठलाही ब्लॉकर नसलेल्या क्रोममध्ये साइट उघडा. एफ12 दाबा, 'नेटवर्क' निवडा आणि पान रीलोड करा. गाळणीच्या चौकटीत इंग्रजीत 'फेसबुक' टाका. 'एफबीइव्हेंट्स' नावाची फाइल दिसली म्हणजे पिक्सेल आहे. आता टॉवेल कार्टमध्ये टाका, चेकआउटला जा, नंबराच्या रकान्यात एखादा नंबर भरा आणि पुढे जा. फेसबुककडे जाणाऱ्या नव्या ओळी उमटतात का बघा. त्यातली एखादी उघडून पत्त्यात 64 अक्षरांची ओळ असेल तर ग्राहकाचा नंबर किंवा ईमेल हॅश होऊन जातोय. ते मेटाच्या इव्हेंट्स मॅनेजरमध्ये, पिक्सेलच्या सेटिंग्जखाली 'ऑटोमॅटिक ॲडव्हान्स्ड मॅचिंग' बंद केल्यावर थांबतं. बंद करून हीच चाचणी पुन्हा करा.

ब्राउझरमध्ये काहीच दिसलं नाही तरी सर्व्हरकडून सर्व्हरकडे माहिती जात असू शकते, तिला कन्व्हर्जन्स एपीआय म्हणतात. ती इथून दिसत नाही. इव्हेंट्स मॅनेजरमध्ये प्रत्येक घटनेपुढे 'ब्राउझर' की 'सर्व्हर' लिहिलेलं असतं, तिथे बघा. त्या खात्याचा ताबा अजून त्या पोराकडेच असेल तर बिझनेस सेटिंग्जमध्ये आधी स्वतःला पूर्ण ॲडमिन करून घ्या, मगच त्याचा प्रवेश काढा. उलट क्रमाने केलंत तर खातं तुमच्याच हातातून जाईल.